वार्तापथ्य

डॉक्टर घाटगेंनी मला जे पथ्य सांगितलं, ते खाण्याचं नव्हतं.

"सर, तुमच्या ताटातून आता कमी करण्यासारखं काही उरलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि समोरचा पडदा त्यांनी आमच्याकडे वळवला. त्या माझ्याच विद्यार्थिनी. अकरावीला जीवशास्त्राच्या तासाला पहिल्या बाकावर बसायच्या आणि मला न येणारे प्रश्न विचारायच्या. आता मधुमेहासाठी सगळं कोल्हापूर त्यांच्याकडे जातं. "ज्वारीची भाकरी, मेथी, रंकाळ्याला फेरी, सगळं वेळेवर. तरी सकाळची साखर चढलेली. ती येते कुठून?"

"कुठंतरी चोरून खात असणार," कुमुद, माझी बायको, म्हणाली.

"चोरून खाल्लेलं यात दिसतं, काकू. तसं काही नाही."

माझ्या दंडावर त्यांनी एक रुपयाएवढी पट्टी चिकटवली होती. साखर मोजणाऱ्या पट्ट्या आता जुन्या झाल्या. ही पट्टी साखरेबरोबर रक्तातलं कॉर्टिसॉलही मोजत होती. पडद्यावर हिरवी रेघ साखरेची, तांबडी कॉर्टिसॉलची. प्रत्येक ठिकाणी तांबडी आधी चढत होती आणि हिरवी तिच्या मागून, मोठ्या बहिणीचा पदर धरून चालणाऱ्या पोरीसारखी.

हा भाग मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला; स्वतःच्या अंगात तो चालू आहे हे मात्र मला कधी कळलं नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट दिसलं की त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल यकृताला सांगतं, साखर बाहेर काढ, पळावं लागणार आहे. स्नायूंना आणि चरबीला सांगतं, इन्शुलिनचं फार ऐकू नका, साखर रक्तातच राहू द्या. समोर वाघ असेल तर हा बेत उत्तम आहे. माणूस पळतो, साखर जळते, मग वाघ जातो किंवा माणूस जातो. काही झालं तरी प्रश्न मिटतो. काळजीचा वाघ मात्र उठून जात नाही. तो घरातच बसून राहतो. ग्रंथी दिवसरात्र तेच सांगत राहतात, यकृत साखर ओतत राहतं, इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी जास्तीचं काम करून थकतात, पोटावर चरबी साठते, झोप तुटते, आणि तुटलेली झोप पुन्हा कॉर्टिसॉल वाढवते. मेथी खाऊन हे थांबत नाही.

"इथे काय झालं होतं?" तांबड्या रेघेच्या एका टोकावर बोट ठेवून डॉक्टरांनी विचारलं.

कुमुदने वेळ पाहिली. "बातम्या. कुठल्याशा धरणाला भेगा पडल्या."

"आणि इथे?"

"अनोळखी नंबर होता. यांनी उचललाच नाही. दिवसभर म्हणत होते, कोण असेल, कोण असेल."

"आणि हे?" ते टोक सगळ्यात उंच होतं. उतरायला त्याने दोन दिवस घेतले होते.

मीच म्हणालो, "तो अण्णाचा फोन. खोकला लागलाय म्हणाला होता."

अण्णा माझा थोरला भाऊ. रत्नागिरीत त्याचं छत्र्यांचं दुकान होतं. त्याला आणि वहिनीला मूलबाळ नाही, मला भाऊ दुसरा नाही. फोनवर त्याची सुरुवात ठरलेली असे: "पर्शा, गाढवा, जिवंत आहेस का?" मग तो आपल्या तब्येतीच्या तक्रारी सांगे, माझ्या घाबरटपणावर ताशेरे ओढे, आणि शेवटी म्हणे, "माझा अग्नी तुझ्या हातचा आहे, लक्षात ठेव. भटकू नकोस." तो हसत हसत म्हणे, पण आम्हा दोघांनाही ते खरं असल्याचं माहीत होतं. त्याआधीच्या फाल्गुनात कुणीतरी मला कळवलं, अण्णा जिन्यावरून पडला. पडला होता खरा, पण नुसता हात मोडला होता. मी मात्र काळजीने अन्नपाणी सोडलं, साखर भडकली आणि शुद्ध हरपून मी अतिदक्षता विभागात पोचलो. अण्णा मोडक्या हातानिशी घाट चढून मला बघायला आला. "पडलो मी आणि झोपलास तू," तो म्हणाला, आणि नर्सही हसली.

"यावर एक उपाय निघालाय," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही त्याला वार्तापथ्य म्हणतो. साखरेच्या माणसाने साखर टाळायची, तसं ताणाच्या माणसाने ताणाची बातमी टाळायची."

यंत्रणेचं नाव 'निवांत'. ती पट्टीवरून शिकत जाते: कुठल्या बातमीने, कुठल्या आवाजाने, कुठल्या शब्दाने तुमची तांबडी रेघ चढते. मग फोन आणि टीव्ही यांच्या दाराशी ती बसते. धरण फुटायची बातमी येतच नाही. अनोळखी फोनला ती तुमच्या आवाजात उत्तर देते, काम मिटवते आणि तुम्हाला सांगते, गॅसवाला होता. एखाद्याच्या बोलण्यातला कडू शब्द ती त्याच्याच आवाजात बदलून ऐकवते. किती गाळायचं याची किल्ली घरच्या एका माणसाकडे असते.

"म्हणजे खोटं बोलते," मी म्हणालो.

"सर, साखर न घातलेला चहा तुम्ही गोड मानून पिताच की."

मला हे उत्तर पटलं नव्हतं, पण माझी बरीचशी मतं मी अशीच न बोलता गिळलेली आहेत. तेवढी एक अट मात्र मी घातली. "बाकी काहीही करा. अण्णाचा फोन अडवायचा नाही. तो जसा बोलेल तसा मला ऐकू आला पाहिजे. शिव्यांसकट."

"किल्ली काकूंकडे असेल. त्या म्हणतील तसं."

मी कुमुदकडे पाहिलं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "नाही अडवणार. तुमची शपथ."

*

पथ्य लागू पडलं, हे मला मान्यच केलं पाहिजे. पहिले काही दिवस घर बधिर झाल्यासारखं वाटलं, मग सवय झाली. टीव्हीवर आंब्याचं पीक चांगलं होतं, पाऊस वेळेवर होता, जगात कुठेच कुणी कुणाला मारत नव्हतं. फोन वाजला की मी हातातला घास खाली ठेवायचो, ते थांबलं. मी सलग झोपू लागलो. पोटाचा घेर कमी झाला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा पाहून डॉक्टर घाटगेंनी मला परीक्षेत पास झाल्यासारखा पेढा देऊ केला आणि लगेच मागे घेतला.

अण्णाचे फोन येत होते. सुरुवातीला नेहमीसारखेच, गाढवापासून सुरू होणारे. आषाढात केव्हातरी ते बदलले. आता तो रोज संध्याकाळी फोन करू लागला. तक्रारी नाहीत, ताशेरे नाहीत. लहानपणी आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर खेकडे पकडायचो, त्या गोष्टी काढायचा. माझं ऐकून घ्यायचा. मी वाचत असलेल्या पुस्तकाबद्दल विचारायचा. हे त्याने जन्मात केलं नव्हतं.

"अण्णा किती मऊ झालाय," मी एकदा कुमुदला म्हणालो.

ती भाजी निवडत होती. "वय होतं माणसाचं."

"मी जाऊन येऊ का? दोन दिवस?"

"घाटात दरड आहे. त्यांनाच विचारा."

मी अण्णाला विचारलं. "आत्ता नको रे," तो म्हणाला, "आंबा घाट बंद आहे. दिवाळी झाली की ये, निवांत बोलू." मला बरं वाटलं. प्रवासाची मला धास्तीच असते. खरं सांगायचं तर घाट उघडलाय का हे मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

गणपती झाल्यावर कुमुद चार दिवस इचलकरंजीला बहिणीकडे म्हणून गेली. आली ती दमलेली. डोळे सुजलेले होते. मी विचारलं तर म्हणाली, बसमध्ये वारं लागलं. त्यानंतर तिचं वजन उतरायला लागलं, रात्री ती पाणी प्यायला सारखी उठू लागली. मधुमेहाची ही लक्षणं मी मुलांकडून पाठ करून घेत असे. माझी झोप आता उत्तम लागत असल्याने ती मला दिसली, पण कळली नाहीत.

*

दिवाळीला कुमुदने फराळ केला नाही. "तुमच्यासमोर तळत बसू का?" ती म्हणाली, आणि मला ती माझ्यावरची मायाच वाटली.

पाडव्याच्या सकाळी ती बाजारात गेलेली असताना शेजारच्या चौगुले वहिनी आल्या. महिनाभर त्या लेकीकडे बेळगावला होत्या, आदल्या दिवशी परतल्या होत्या. हातात स्टीलचा डबा.

"सर, हाईसा का? वयनी कुठं गेल्या?"

"बाजारात. या, बसा."

"बसत न्हाई. एवढं फराळाचं ठेवा. चकली हाय, चिवडा हाय. लाडू मुद्दाम आणलं न्हाईत, तुमच्या साखरेला कशाला उगच डिवचा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दिवाळीच्या शुभेच्छा मी दिल्या, त्यांनी नुसती मान हलवली. मी डबा स्वयंपाकघरात रिकामा केला, धुतला. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही एवढं मलाही कळतं, म्हणून टोपलीतले दोन पेरू त्यात घातले.

चौगुले वहिनींनी झाकण उघडून पेरू बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. "नको सर. यंदा रिकामाच द्या. सण नसलेल्या घरातनं काय न्हेऊ नये."

"सण नाही असं काही नाही हो. माझ्या साखरेमुळे तळण नाही, एवढंच."

"साखरंचं काय घेऊन बसलाय?" त्या जरा रागावल्यासारख्या झाल्या. "थोरलं भाऊ गेलं न्हवं तुमचं? माझी सून बोलली मला. गणपती उठलं आणि गेलं म्हणून. पाठचा भाऊ तुम्ही, तुमच्यात सण कसा असंल?"

मी म्हणालो, "तुमच्या सुनेचा काहीतरी घोटाळा झालाय. काल संध्याकाळीच मी अण्णाशी बोललो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दंडावरच्या पट्टीकडे. मग पदर तोंडावर दाबून त्या मागे सरल्या. "आवो, तुमाला सांगितलंच न्हाई व्हय कुणी? माझ्या जिभेला काय झालं ग बाई," असं पुटपुटत त्या डबा न घेताच गेल्या.

मी फोन घेतला आणि अण्णाला लावला. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला.

"बोल रे पर्शा. पाडव्याचं ओवाळून झालं का?"

तोच आवाज. शेवटचा शब्द जरा खाली सोडायची तीच लकब. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. चौगुले वहिनींचा मला रागही आला.

"अण्णा, तू बरा आहेस ना?"

"झकास आहे. आत्ताच चहा झाला. तुझं पुस्तक कुठवर आलं?"

"अण्णा, मला गाढव म्हण."

"असं कसं म्हणेन? शहाणा भाऊ आहेस तू माझा."

"एकदा म्हण. पर्शा गाढवा म्हण."

"काहीतरीच काय? बरं, मांडवीचे खेकडे आठवतात का तुला?"

"अण्णा, तू कधी गेलास?"

"कुठे जातोय मी?" तो हसला. फार छान हसला. "घाट बंद आहे ना."

मी फोन ठेवला. दंडावरची पट्टी थरथरली आणि स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातून आपोआप बासरी सुरू झाली. तांबडी रेघ चढली की निवांत असंच करतं.

*

कुमुद पिशवी घेऊन आत आली. टेबलावरचा डबा तिला ओळखू आला असावा. पिशवी तिने खाली ठेवली नाही, हातात धरूनच उभी राहिली.

"कधी?" मी विचारलं.

"अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी."

"कशाने?"

"आषाढात अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. उजवी बाजू गेली. रत्नागिरीहून वहिनींचा फोन आला, तो निवांतने माझ्याकडे वळवला. ऐकवू का, विचारलं त्याने. मी नको म्हटलं."

"शपथ घेतली होतीस."

"तुमची घेतली होती," ती म्हणाली. "तुम्ही जगावं म्हणून मोडली. फाल्गुनात मी त्या काचेबाहेर बसून होते. हात मोडल्याच्या बातमीने तुमचं ते झालं. झटक्याच्या बातमीने काय झालं असतं? तुम्ही रत्नागिरीला जाऊन खाटेशी बसला असता. जेवला नसता, झोपला नसता. मी काय करायला हवं होतं, सांगा. तुम्ही शिकलेले आहात."

तिचं बोलणं खोडून काढता येत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

"आणि तो? त्याला काय सांगितलंस? मी का येत नाही म्हणून?"

तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कुमुद."

"रोज संध्याकाळी वहिनी त्यांच्या कानाशी फोन धरायच्या. निवांत तुमच्या आवाजात बोलायचं."

"काय बोलायचं?"

"चांगलंच बोलायचं. धीर द्यायचं. घाट उघडला की येतो म्हणायचं."

"घाट बंद होता?"

"दोन दिवस होता."

म्हणजे एकच यंत्र मधे बसलं होतं. मला अण्णाच्या आवाजात सांगत होतं, येऊ नको. त्याला माझ्या आवाजात सांगत होतं, येतो. ज्या संध्याकाळी मी खेकड्यांच्या गोष्टी ऐकून हसत होतो, त्याच संध्याकाळी तो मुका होऊन पडला होता.

"अग्नी कोणी दिला?"

"वहिनींच्या भाच्याने. मी म्हणाले, तुम्ही दवाखान्यात आहात." पिशवी आता तिच्या हातातून सुटली. कोथिंबीर जमिनीवर पसरली. "मला काय सोपं गेलं का हो? तिकडे जाऊन रडले, इकडे येऊन इचलकरंजीच्या गप्पा सांगितल्या. घरात सुतक धरलं तेही लपून. देवाला हात लावला नाही, दिवा मात्र लावायचा, नाहीतर तुम्ही विचाराल. रोज संध्याकाळी तुम्ही त्या फोनवर हसायचात आणि मी आत उभी असायचे. माझी साखर विचारलीत एकदा तरी? घाटगे मॅडम म्हणाल्या, निवांत असलेल्या बऱ्याच घरांत असं होतंय. किल्ली ज्याच्याकडे, त्याला मधुमेह."

हे खरं असणार. ताण कुठे तरी जातच असणार; जगातून तो नाहीसा कसा होईल? माझ्या रक्तातून निघाला आणि तिच्या रक्तात शिरला. हे समजून तिच्याविषयी मला करुणा वाटायला हवी होती. चांगल्या माणसाला वाटली असती. मला एवढंच दिसत होतं की जगात मी एकच गोष्ट मागितली होती, ती जिच्याकडे मागितली तिनेच काढून घेतली, आणि वर मी आनंदात आहे की नाही हे पट्टीवर पाहत राहिली.

मी पट्टी ओढून काढली. कातडी थोडी सोलली गेली. बासरी थांबली.

"कुठे निघालात? अहो, एकटे नका जाऊ. गोळी तरी घ्या. मी येते."

"नको," मी म्हणालो.

*

रत्नागिरीची एसटी आंबा घाटातून सरळ उतरली. दरड पडल्याची जुनी खूणही आता दिसत नव्हती.

वहिनीने दार उघडलं. कपाळ मोकळं. मला पाहून ती जराही दचकली नाही, बाजूलाही झाली नाही.

"दवाखान्यातून सुटलात?"

"मी दवाखान्यात नव्हतो, वहिनी."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "या. पाणी देते."

खोलीत अण्णाची खाट अजून तशीच होती, गादी गुंडाळून ठेवलेली. समोरच्या भिंतीवर आमच्या लग्नातला फोटो; मी मुंडावळ्यांत घाबरलेला, अण्णा माझ्या खांद्यावर हात टाकून दात काढतोय. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पट्टी, पथ्य, किल्ली, दोन आवाज. मला नीट सांगता येत नाही. मधे मधे अडखळलो, दोनदा मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होती. मी माझ्या आवाजाच्या फोनबद्दल सांगितलं तेव्हा ती सरळ बसली.

"म्हणजे तो फोन तुमचा नव्हता."

"नव्हता."

"एकही?"

"एकही नाही."

तिने हात लांब करून खाटेवर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे ते बरोबर होते."

"कोण?"

"तुमचे बंधू. पहिले दोन-तीन दिवस फोन ऐकला त्यांनी. मग फोन कानाशी नेला की मान हलवायला लागले. नको, नको. डाव्या हाताने ढकलून द्यायचे. मी म्हणायचे, अहो, भावजी आहेत, किती गोड बोलतायत, ऐका तरी. ते चिडायचे. त्या फोटोकडे बोट दाखवायचे आणि मग वर." तिने बोट आढ्याकडे केलं. "फोटो, आणि वर. फोटो, आणि वर. मला वाटलं, झटक्याने डोकं फिरलंय. भावजी, ते सांगत होते की हा पर्शा नव्हे. पर्शा गेला. आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय."

मी त्या फोटोकडे वळून पाहिलं.

"तुम्ही कधी असं सलग बोललात का आयुष्यात? मला कळायला हवं होतं. त्यांना कळलं. मेलेल्या भावाचा आवाज काढून कोणीतरी आपल्याला गप्प बसवतंय, असं वाटलं असणार त्यांना." तिने खाटेखाली बोट दाखवलं. "एका संध्याकाळी डोक्यावर हात नेऊन नेऊन पाणी मागितलं. प्यायला नव्हे, डोक्यावरून घ्यायला. ओल्या फडक्याने अंग पुसायचे मी त्यांचं, डोक्यावरून पाणी कशाला, म्हणून मी रागावले. ऐकेनात. शेवटी खाटेखाली घमेलं ठेवून दोन तांबे घातले. तेव्हा कुठे शांत झाले. दोन दिवस भाताशिवाय काही खाल्लं नाही. मग चतुर्थीला मी गणपती आणला. दरवर्षी स्वतः डोक्यावरून आणायचे ते. यंदा मूर्ती दारात आली आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. गणपती उठेपर्यंत एकदा पाहिलं नाही. मी म्हटलं, देवावर रुसलेत." तिने डोळे पुसले. "सुतक धरलं होतं त्यांनी. तुमचं."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. ती संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

"मी त्यांना वेडे म्हटलं," वहिनी म्हणाली. "तोंडावर. दोनदा तरी."

"तुला काय माहीत?"

"नव्हतं माहीत. पण शेवटपर्यंत या घरात तो आवाज खोटा आहे हे एकट्या त्या माणसाला कळलं होतं आणि त्यालाच बोलता येत नव्हतं."

ती उठली. आत बंबाचा आवाज झाला, बादली सरकवल्याचा आवाज झाला. परत आली तेव्हा तिच्या हातात अण्णाचा पंचा होता. तिने तो माझ्यापुढे धरला.

"त्यांनी तुमच्या नावाने डोक्यावरून पाणी घेतलं. आता तुम्ही त्यांच्या नावाने घ्या. उठा."

मी न्हाणीघरात गेलो, दाराला कडी घातली आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला. दुसरा ओतता आला नाही. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही. इतका मोठा आवाज मी वर्गातही कधी काढला नव्हता. बाहेर फोन वाजला. वहिनीने उचलला. भिंत पातळ होती आणि मधे गाळणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"हो कुमुद, पोचले... नाही, जेवले नाहीत अजून... रडतायत. हो, खूप... नाही, मी नाही थांबवणार."